गोठा क्रमांक नऊ

वासरं का मरतात, हा प्रश्न कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, उत्तर ठरलेलं आहे: शेजाऱ्याची वासरं आळसाने मरतात आणि आपली हवामानाने.

डॉ. कोलेट पेरीने याचं खरं उत्तर शोधायला बेटाच्या पश्चिम टोकाला दोन हिवाळे काढले. या भागात बटाटे, लॉब्स्टर आणि नसत्या चौकशा यांचं पीक भरघोस येतं. बारा गोठ्यांत फिरून, वासरं मोजून, त्यांचं रक्त तपासून तिने दाखवून दिलं की जन्मल्याबरोबर पोटात चीक गेला तर वासरू तगतं आणि उशीर झाला तर काही खरं नाही. प्रत्येकाच्या आजीला हे ठाऊक होतं, पण आजीने आकडे मांडले नव्हते. कोलेटने गोठ्यांची नावं झाकली, चिठ्ठ्या टाकून त्यांना क्रमांक दिले, आणि कुठला क्रमांक कुणाचा हे आपल्या तोंडून कधी फुटणार नाही असा शब्द बाराही जणांना दिला.

मग तिने हट्ट धरला की हा शोधनिबंध कुलूपबंद जर्नलमध्ये द्यायचा नाही. कुणालाही, कुठेही, फुकट वाचता येईल असाच छापायचा. ज्यांच्या वासरांवर लिहिलं त्यांनाच वाचायला मिळू नये, हा कुठला न्याय?

तिचे म्हातारे प्राध्यापक क्रॉसमन यांना हसू आवरेना. "अगं, कुलूप असतं तेच बरं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! जन्मभर शेतकऱ्यांवर लिहीत आलो, एकानेही अक्षर वाचलं नाही. म्हणून तर अजून नाताळला त्यांच्याकडून घरी बदक येतं."

कोलेटने ऐकलं नाही. निबंध उघडा छापून आला, आणि सहकारी दुकानातल्या थेल्माने तो कागदावर काढून फळ्यावर टाचला. एका बाजूला जुन्या ट्रॅक्टरची जाहिरात, दुसऱ्या बाजूला पत्त्यांच्या डावाचं आमंत्रण आणि मध्ये आपलं विज्ञान! वर गल्ल्यापाशी प्रतींचा गठ्ठा ठेवला. क्रॉसमनसाहेबांच्या अख्ख्या कारकिर्दीत जेवढे वाचक झाले नव्हते, तेवढे आठवड्याभरात झाले.

वाचून चीक लवकर पाजायला लागावं की नाही? छे. सगळे लागले कुठला क्रमांक कुणाचा ते ओळखायला. मनुकांच्या केकच्या पैजा लागल्या.

"चार नंबर आपला," लॉर्न गेटसन दुकानातल्या टेबलावर चहाचा पेला आपटत म्हणाला. चौथ्या गोठ्याचे आकडे देखणे होते. "बघा की, लिहिण्यातच माझा गोठा दिसतो."

लॉर्न सातवा होता. सातव्याच्या वासराला चीक मिळायचा तो मालकाचा नाश्ता आटोपल्यावर. कोलेट तिथेच बसली होती. तोंडात मिठाची गुळणी धरून तिने बिस्किटाला लोणी लावायचं काम चालू ठेवलं.

"नुसती मान हलव ना गं," थेल्मा तिच्या कानाशी लागली. "मान हलवली म्हणजे काही सांगितलं असं होत नाही."

"थेल्मा, मला अजून एक बिस्किट दे आणि तुझं काम कर."

तेवढ्यात हेनी द बूरने चष्मा वर केला. हा डच बाबा औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरंसुद्धा शेवटपर्यंत वाचणारा. "हा नऊ नंबर बघा. पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांत कमी वासरं गेली, दुसऱ्यात सगळ्यांत जास्त. असं कसं? थांबा, खाली लिहिलंय." आणि त्याने मोठ्याने वाचलं: "या गोठ्यात वासरांची जबाबदारी असलेली व्यक्ती दुसऱ्या हिवाळ्यात दीर्घकाळ अनुपस्थित होती."

पैजा तिथल्या तिथे मोडल्या.

ते वाक्य जर्नलच्या परीक्षकाने मागितलं होतं. आकडे असे उलटे का, याचा खुलासा करा, म्हणाला होता. कोलेटने दोन कामांच्या मध्ये ते लिहून टाकलं होतं. टोरंटोत बसून वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? पण त्या हिवाळ्यात हॅलिफॅक्सच्या इस्पितळात कोण होतं, हे दुकानातल्या एकूण एक माणसाला माहीत होतं. याच लोकांनी वेंडेल रॅमसेच्या घरी डबे पोचवले होते. त्याची बायको व्हर्ना इस्पितळात गेली ती परत आली नाही.

"बटाट्याला पाऊस हवा होता," लॉर्न उगाचच म्हणाला.

"वेंडेलने वाचलं नसेल," कुणीतरी पुटपुटलं.

"मंगळवारीच प्रत घेऊन गेला," थेल्मा म्हणाली.

कोलेटने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपणच दार सताड उघडलं, आणि त्या दारातून एका माणसाचं दुःख आणि त्याची मेलेली वासरं चव्हाट्यावर आणली. वर शब्द मोडला तो वेगळाच. ती उठली आणि गाडी काढून थेट वेंडेल रॅमसेच्या गोठ्यावर गेली. त्याने दार तोंडावर आपटलं असतं तरी तिला ते रास्तच वाटलं असतं.

वेंडेल वासरांना दूध पाजत होता. दोन वासरं, दोन बाटल्या, आणि तिसरं त्याची बाही चोखत उभं.

"आलीस? मला वाटलं आधीच येशील."

"वेंडेल, मी चुकले. ते वाक्य मी लिहायला नको होतं. तुम्हाला शब्द दिला होता आणि..."

"आधी ही बाटली धर."

तिने धरली. वासराने अशी ढुशी दिली की ती भिंतीला टेकली.

"'दीर्घकाळ अनुपस्थित'," वेंडेल म्हणाला. "बिंगो खेळायला गेली होती होय गं?"

कोलेटला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदमच झालं. "मी ते काढून टाकायला सांगते. आजच."

"काढ कोण म्हणतंय? तो तक्ता नीट बघितलास का तू? पहिला हिवाळा. अख्ख्या बेटावर सगळ्यांत कमी वासरं माझ्याकडे गेली."

"बारा गोठ्यांत," ती सवयीने म्हणाली.

"बारा तर बारा. जन्मभर मी लोकांना सांगत आलो, वासरं जगवावीत तर वेंडेलने. अगं, मी घोरत पडलेला असायचो! ती उठायची. झोपायच्या कपड्यांवर माझा कोट चढवायची, चिकाची बाटली कोटाच्या आत धरायची, गार होऊ नये म्हणून. मग दुसऱ्या हिवाळ्यात मी सगळं तिच्यासारखं करायला गेलो. निम्मा जीव हॅलिफॅक्सच्या रस्त्यावर, कसं जमणार?" त्याने तिसऱ्या वासराच्या तोंडातून बाही सोडवली. "माझी वासरं मेली म्हणतील. म्हणू देत. मेलीच. पण आधीची जगवली कुणी, ते यात कुठंय?"

वासरू रिकामी बाटली चोखत राहिलं.

"हे कुणालाही वाचता येतं ना? फुकट?"

"हो."

"माझी पोरगी तिकडे दूर आल्बर्टात आहे. तिला?"

"कुठूनही येतं."

"आणि मी गेल्यावर?"

"तेव्हाही तिथेच असेल."

"मग नाव घाल तिचं. व्हर्ना रॅमसे. वासरं तिने वाढवली, एवढंच लिही. गोठा माझा आहे हे कळलं तरी चालेल. तसंही लॉर्नला सोडून सगळ्यांना कळलंच असेल."

"त्यालाही कळलंय," कोलेट म्हणाली. मग तिने मान खाली घातली. "वेंडेल, पण ते छापून झालंय. आता मनात आलं म्हणून शब्द घालता येत नाहीत. त्यात काही चूक असेल तरच ते दुरुस्ती छापतात."

वेंडेलने तिच्या हातातली बाटली काढून घेतली.

"मग? आयुष्यभर जिने वासरं जगवली तिला तू 'व्यक्ती' म्हणालीस, पोरी. ही चूक नाही तर काय आहे?"