घरगाडीच्या गाद्या

मागच्या सालची गोष्ट कुंता कोणापाशी बोलत नसे. तिच्या लेकीला, चंदाला, पाचवा महिना होता. कोरपन्याहून तिला माहेरी आणायला बैलगाडी पाठवली. वाटेत चाक खड्ड्यात गेलं, गाडी एका अंगाला आदळली, आणि सावली गावातल्या घराच्या दारात उतरली ती पोटावर हात दाबून धरलेली लेक. चार दिवसांनी सगळं आटोपलं. आता ती पुन्हा दोन जिवांची होती. सासरहून निरोप आला, ‘माघात घेऊन जा.’ कुंताने निरोप ऐकला आणि चुलीपुढे तशीच बसून राहिली.

तिचा नवरा घनश्याम ओट्यावर बसला होता. उठून मागच्या आवारात गेला. मोहाच्या झाडाखाली घरगाडी उभी होती. तिच्यावरची ताडपत्री त्याने ओढून काढली.

घरगाडी म्हणजे जुनी मोटार लॉरी. तिच्या पाठीवर सागवानी फळ्यांची खोली बांधलेली. दोन बाकडी, एक खिडकी, आणि मागे उतरायला दोन पायऱ्या. जंगलाची मोजणी करणाऱ्या कोण्या साहेबाने ती बांधून घेतली होती. साहेब गेल्यावर लिलावात ती घनश्यामने घेतली. लग्न नवं होतं. घर बांधायचं की गाडी घ्यायची, एवढाच प्रश्न होता. कुंता म्हणाली होती, "गाडीच घ्या जी. घर काही चालत नाई."

मग पंधरा-सोळा वर्षं त्यांनी त्या गाडीतच संसार केला. चांद्याहून मीठ, गूळ, कापड भरायचं, वैनगंगा ओलांडायची आणि एटापल्लीच्या रानात शिरायचं. तिथून हिरडा, चारोळी, मोहफूल घेऊन परतायचं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा घनश्यामने मागे कोळशाची भट्टी बसवली आणि तिच्या ग्यासवर गाडी चालवली. काळंकुट्ट तोंड घेऊन उतरायचा तेव्हा गोंडांची पोरं हसून लोळायची. चंदा त्याच गाडीत जन्मली, एटापल्लीच्या अलीकडे एका नाल्याकाठी. मंगली नावाच्या माडिया बाईने नाळ कापली, मोहाचं तेल चोळलं आणि पोरीला कुंताच्या कुशीत दिलं. तिची भाषा कुंताला येत नव्हती. पण ती काय म्हणाली ते समजलं होतं.

"लेकीले यातूनच आणतो," घनश्याम म्हणाला.

"यातून? अजी, हे तं बैलगाडीच्या वर आदळते. आठवत नाई का? शेवटच्या साली माहे दात वाजत होते."

ते खरं होतं. गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसी, आणि वरची लाकडी खोली यांच्या मधात, जिथे जिथे बोल्ट होते तिथे तिथे, रबराच्या जाड गाद्या होत्या. धक्का चेसीला बसावा, खोलीला लागू नये, यासाठी. वर्षांमागून वर्षं मिठाची पोती लादली, पावसात मीठ पाझरलं, फळ्यांच्या फटींतून खाली उतरलं. बोल्ट गंजले, रबर दगड झालं. काही गाद्या तर चुरा होऊन गळूनच गेल्या होत्या. लाकूड थेट लोखंडावर बसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घनश्याम गाडीखाली शिरला. बोल्टांवर घासलेट ओतून ठेवायचा, पान्याने ओढायचा, पुन्हा घासलेट ओतायचा. शेजारचा लटारू, तलावावर मासे धरणारा ढिवर, पोलादी अंगाचा माणूस, मदतीला आला. गाडीखाली जॅक आणि बाजूला तरफेसारखी लावलेली लांब सागवानी बल्ली. खोली पुरी उतरवायची नाही, एक एक बाजू बोटभर उचलायची, जुनं खरवडून काढायचं आणि नवं सरकवायचं, असं ठरलं.

"घनश्यामभाऊ, हे घर माह्यावर नको पाडू बाप्पा," लटारू बल्लीवर भार देत ओरडला. "मासे धरायले कोणी राहणार नाई!"

खोली करकरली आणि उचलली गेली. त्या करकरण्यासरशी फळ्यांमधून मोहाचा वास आला. किती वर्षांचा होता कोण जाणे. कुंता हातातलं सूप घेऊन तशीच थांबली. नाल्याकाठची ती सकाळ, पायरीला टेकलेली मंगली, धुरकट चहा, खिडकीतून हात बाहेर काढून पानं ओढणारी रांगती चंदा, सगळं एकाच श्वासात आलं आणि गेलं.

चांद्याच्या दुकानात तसल्या गाद्या नव्हत्या. एवढी जुनी गाडी दुकानदाराने पाहिलीही नव्हती. घनश्यामने फाटक्या टायरचे तुकडे कापले, भोकं पाडली, बसवले, बोल्ट आवळले. मग कुंताला बाकड्यावर निजवून गाडी सिंदेवाहीच्या कच्च्या रस्त्यावर नेऊन आणली.

"कशी वाटली?"

"पाठीत बसते जी. रबर आहे, पण मुर्दाड आहे. लेकीले नाई चालणार."

घनश्याम पायरीवर मटकन बसला. तीन दिवसांची मेहनत होती. "मंग काय कापूस भरू आता?" तो चिडून म्हणाला.

कुंता संध्याकाळच्या चुलीकडे वळली. सकाळी उन्हात वाकळा वाळत घालताना तिचा हात थबकला. एक जाड घोंगडं अंगाखाली घेतलं तर टोचतं. जुन्या लुगड्यांचे आठ पदर एकावर एक शिवले तर मऊ होतं. तिने वाकळ तशीच सोडली आणि गाडीखाली वाकून पाहिलं.

"चंदाचे बाबा, चाकाच्या आतली ट्यूब असते, ते फेकून देलं का?"

"पडलं असन. काऊन?"

"त्याची वाकळ शिवू."

घनश्यामने आधी तोंड वाकडं केलं. मग ट्यूबचा एक फाटका तुकडा घेऊन बोटांत दाबून पाहिला, दुमडून पाहिला आणि हसला. टायरचा एक पातळ थर खाली, एक वर, मधात ट्यूबचे पदर. गावच्या चांभाराकडून आरी आणि मेण लावलेला दोरा आणला. दोघं ओट्यावर समोरासमोर बसून गाद्या शिवू लागले. तो भोकं पाडायचा, ती टाके घालायची. कैक वर्षांत ते असे एका कामावर बसले नव्हते. गाडी उभी राहिली तेव्हापासून तो भाताच्या गिरणीवर जायचा, ती बांधावर. बोलणं भाकरीपुरतं उरलं होतं.

"तुले आठवते का," घनश्याम मध्येच म्हणाला, "अस्वल पायरीवर येऊन बसलं होतं?"

"आठवते ना. अन् तुमी गूळ फेकून देला, अख्खी भेली!"

"मंग काय, गुळाऐवजी तुले देतो का?"

कुंता इतकी हसली की सुई बोटात गेली.

लटारूने पुन्हा बल्ली लावली. नव्या गाद्या सरकल्या. घनश्यामने बोल्ट सगळे एकदम करकचून आवळले नाहीत. थोडा हा, थोडा तो, फिरून पुन्हा हा. जास्त दाबलं तर पदर चेपून पुन्हा दगडच होणार होता.

माघात वर्धा नदीचं पाणी उतरलं होतं. पात्रात फांद्या आणि गवत टाकून लोकांनी वाट केली होती. कोरपन्याहून चंदाला घेऊन गाडी काठावर आली तेव्हा घनश्यामने ती थांबवली. पुढे दगडगोट्यांचा गोटाळ उतार होता. खाली उतरून तो वाट चालून आला, मागच्या दारात येऊन म्हणाला, "चंदा, भेव वाटत असन तं पायी उतर. हळूहळू जाऊ."

चंदा बाकड्यावर कुशीवर होती, कुंता तिच्याजवळ बसली होती. "बाबा, मी नाई उतरत. तू चालव."

गाडी उतारावर आली. खाली चेसी दणदण आदळत होती, कुंताला ते ऐकू येत होतं. तिने लेकीच्या पोटाखाली हात धरला होता. वर मात्र खोली नुसती झुलली, पाण्यावरच्या डोंग्यासारखी. कुंताचे ओठ हलत होते, कोणत्या देवाला हाक मारत होती तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. चाकं वाळूत रुतली, इंजिन गुरगुरलं, फांद्या मोडल्या, आणि गाडी पलीकडच्या काठावर चढली.

"माय," चंदा म्हणाली, "हे आपलीच गाडी होय का? लहानपणी किती वाजे हे! मले त्या आवाजाबिगर झोप येत नोती."

"आता नीज. आवाज नाई तरी नीज."

चंदा झोपली. कुंता मात्र जागी राहिली आणि तिला उगाच रडू आलं. लेक सुखरूप होती, तरी रडू आलं. तो खडखडाट आता कुठे ऐकायला मिळणार नव्हता.

चैतात चंदाला मुलगी झाली. सव्वा महिना सरला तशी घरात उकाडा वाढला, म्हणून दुपारी बाळंतीण आणि बाळ मोहाखाली उभ्या घरगाडीत निजू लागली. खिडकीतून वारा यायचा. घनश्याम गाडीखाली आडवा होता. नव्या गाद्या बसल्या की बोल्ट ढिले पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात.

पान्याचा खट्ट आवाज झाला. वर बाळ दचकलं.

"हळू जी," कुंता पायरीवरून म्हणाली, "नात झोपून राह्यली."

गाडीखाली घनश्यामने पाना दोन्ही हातांनी धरला. पुढचा बोल्ट इतक्या हळू फिरला की झाडावरचा होला पक्षीसुद्धा उडाला नाही.