पातीच्या पाण्याची किटली

मी एक जुनी किटली आहे. ॲल्युमिनियमची, पोटाला पोचे पडलेली. मित्रांनो, त्या शनिवारी दुपारी शेवंतीबाईंनी मला नेहमीसारखं राखेने घासलं, गवती चहाची पात धुऊन माझ्यात घातली, आल्याचा तुकडा ठेचून टाकला. चहाची पूड मात्र टाकली नाही. दुसऱ्या दिवशी उपासनेला निघताना, चपला घालता घालता त्या दारातच खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका लहानशा कारखान्यातला. तिथून मी घाटकोपरला, पंतनगरात, शेवंतीबाईंच्या खोलीत आले. त्या मराठी ख्रिस्ती. नवरा गेल्यावर शिवणकाम करून त्यांनी एकुलत्या वनमालेला शिकवलं. त्यांच्या घरी चहा हवा का असं विचारायची पद्धत नव्हती. माणूस टेकला की कप समोर. चर्चच्या पाळकसाहेबांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी माझ्या चहाची तारीफ केली. मला त्याचा गर्व होता, आणि तो अजूनही आहे.

शहाऐंशी साली शेजारच्या खोलीत सुलक्षणा राहायला आली. मूळची कोकणातली. पहिल्यांदा घरी आली आणि तिने कपाला हातच लावला नाही. चहावर साय धरली. शेवंतीबाईंचा चेहरा उतरला, मग तापला. त्यांच्या आईला गावी उंबऱ्याबाहेर, वेगळ्या कपात चहा मिळे. बाप्तिस्मा झाला तरी तो कप काही बदलला नव्हता.

"काय गं, आमच्या घरचं चालत नाही का?" त्यांनी विचारलं. "तसं असेल तर सरळ सांग. दार उघडंच आहे."

"चालतं ना, ताई. माठातलं पाणी द्या. चपाती असेल तर तीपण द्या, भूक लागलीय. फक्त चहा-कॉफी आम्ही घेत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मॉर्मन."

"हा आजार आहे की जात?"

सुलक्षणाला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग तिने शांतपणे सांगितलं, की त्यांचाही विश्वास येशूवरच. पण बायबलच्या जोडीला ते आणखी एक पुस्तक मानतात. दिल्लीला नोकरीत असताना तिने ते वाचलं, पटलं, आणि तिने बाप्तिस्मा घेतला.

तेव्हापासून दर शनिवारी सुलक्षणा येई आणि तिच्यासाठी माझ्यात पूड न घालता नुसतं पातीचं पाणी उकळू लागलं. खरं सांगते, आधी मला ते कमीपणाचं वाटलं. पण दोघी बोलायला लागल्या की मी माझा मान विसरून ऐकत राही. शेवंतीबाई विचारायच्या आणि सुलक्षणा सांगायची. त्यांच्या उपासनेत भाकरीबरोबर द्राक्षारस नसतो, साधं पाणी असतं. नवराबायकोचं नातं मंदिरात कायमचं बांधलं, तर मरणानेही ते तुटत नाही, असं ते मानतात.

"मेल्यावरही तोच नवरा?" शेवंतीबाई म्हणाल्या. "बाई गं, काहीजणींची पंचाईत होईल." दोघी खूप हसल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "माझा चांगला होता. ते परत एकदा सांग."

दुसरं पुस्तक मात्र त्यांना पटलं नाही, आणि ते त्यांनी तोंडावर सांगितलं. "पटवायला कुठं बसलेय मी?" सुलक्षणा म्हणाली. "तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं."

चर्चच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींतले भीमराजकाका समजवायला आले. "शेवंती, अशानं तू तिकडं वळशील."

"भाऊ, मी आपल्या मंडळीतच मरणार. पण शेजारणीचं घर आतून बघायचं तर आपलं घर विकावं लागतं का?"

वनमाला हे सगळं ऐकत असे. बोलत काहीच नसे.

शेवंतीबाई गेल्या त्या रविवारनंतर भाड्याच्या मोठ्या पातेल्यात चहा उकळू लागला आणि कोणीतरी मला फळीवर मागे सारलं. मित्रांनो, जुनी भांडी अशी मागे सारू नका. आणि पाहुण्याने कप घेतला नाही, तर मनात अढी धरण्याआधी त्याला कारण विचारा. मी साधी किटली असले तरी हे ठणकावून सांगते.

सांत्वनाच्या प्रार्थनेला खोली भरली होती. गेलेल्या माणसाबद्दल कोणीही उठून चार शब्द बोलावेत, अशी त्यांची रीत. आलेले बोलून झाले. मग दारात उभी असलेली सुलक्षणा पुढे आली, तर भीमराजकाकांनी हात आडवा धरला.

"तू नको, बाई. लोक आधीच म्हणतायत शेवंती तुमच्यात गेली होती. तू बोललीस की ते खरं ठरेल."

सुलक्षणा मागे वळली. तेवढ्यात वनमाला उठली.

"काका, हात खाली घ्या."

"पोरी, मी तुझ्या आईच्याच नावासाठी सांगतोय."

"तिच्या नावाला काही झालेलं नाही. ती आपल्या मंडळीची होती, तशीच गेली. तिनं विश्वास सोडला नाही आणि विचारणंही सोडलं नाही. ह्या तिच्या मैत्रीण आहेत. ह्या बोलतील, आणि मग आपण प्रार्थना करू. कोणाला जायचं असेल तर जा."

कोणी उठलं नाही. भीमराजकाकांनी हात खाली घेतला आणि सरकून जागा केली.

वनमालेने सुलक्षणाला आपल्या शेजारी बसवलं. मग सुलक्षणा बोलायला लागण्याआधी, आईच्या फोटोकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आई, तू असं बेधडक विचारायचीस ना, तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटायचा."