काचेची कड

सितारामने वर्तमानपत्राचा चौथा कोपरा चिकटपट्टीने भिंतीवर दाबला आणि तळहाताने पुन्हा सपाट केला.

"आजोबा, सरका ना. हात येतोय फोटोत," सोनम म्हणाली.

नातीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान. लेन्सचा तो फक्त मधला भाग बघायचा. मधलं काय, कुणालाही साधतं. कस लागतो तो कडेला. पावणे एमआयडीसीतल्या शेठच्या कारखान्यात सितारामने घासलेली ही शेवटची लेन्स. ती झाली आणि कारखानाच मिटला, त्यामुळे तिची कड आजवर कुणी पाहिलीच नव्हती.

आज शेठचा मुलगा यशराज मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम कॅमेरा घेऊन कोपरखैरण्याला घरी आला होता. त्याला कारखाना पुन्हा सुरू करायचा होता. कड स्वच्छ निघाली तर मोठ्या लेन्स, आणि त्या घासायला सिताराम. नाहीतर लहान सेन्सरच्या. त्या मशीनही घासतं.

लेन्स आता त्याच्याच कॅमेऱ्यावर होती. सोनमने फोटो काढला आणि लॅपटॉपवर कोपरा मोठा केला.

"'मुलगी नोकरी करणारी, पण गृहकृत्यदक्ष हवी'," ती वाचू लागली. "फोन नंबरपण दिसतोय. लावू का?"

चारही कोपरे तसेच निघाले. सिताराम पलंगावर बसला, लगेच उठला, पुन्हा बसला.

"सॉलिड, काका," यशराजने पेन काढलं. "परदेशी लेन्सच्या निम्म्या भावात बसेल. पपांच्या वहीत कड घासायला चार तास लिहिलेत. बरोबर ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सितारामने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"वहीत रविवार नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शनिवारी काच रुमालात बांधून घरी आणायचो. चार तासांत कड येत नाही, बाळ. शेठना बोललो नाही. म्हटलं, आपलाच हात हळू असेल."

"किती रविवार?"

"सहा," स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको भिमाबाई म्हणाली. "एका लेन्सला."

यशराजने पेनाचं टोपण लावलं.

"लहान लेन्स चार तासांत होईल?"

"मशीनवर त्याच्याही आत."

यशराजने पडद्यावरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि हे जमेल मशीनला?"

"नाही."

सिताराम हे इतक्या ठामपणे बोलला की सोनमने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

यशराजने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "थोड्याच करू, पण मोठ्याच करू. भाव त्याप्रमाणे लावू. लिहितो, काका. सहा दिवस, एक माणूस."

भिमाबाई पदराला हात पुसत टेबलाशी आली.

"दोन मानसं लिवा," ती म्हणाली. "हे घासायचे, तवा पालिशच्या लाल पावडरीचं पानी मी काचेवर सोडायचे. एक थेंब मागं-पुढं झाला की काच गेली."

यशराजने सितारामकडे पाहिलं. सितारामने उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.