पीडा पिणारी होडी

दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जनरल बॉडी मीटिंगला दहा फोन करूनही न फिरकणारी मंडळी आज वेळेआधी येऊन सतरंजीवर मांडी घालून बसली होती. प्रत्येकाच्या ओंजळीत तळहाताएवढी लाकडी होडी होती. समोर गाझियाबादहून आलेले नैयावाले गुरुजी होते आणि त्यांच्या हातात तीर्थाची काचेची झारी.

"ये हिमालय का देवदार है," गुरुजी सांगत होते. "चार सौ साल इसने मनुष्य का मुख नहीं देखा. सात रात सिरहाने रखो, आपकी सारी पीड़ा पी लेता है. तीर्थ पड़ते ही दिख जाएगी."

मंत्रालयातले अनुराग पाठदुखीची होडी घेऊन पुढे झाले. तीर्थ पडलं. पिवळसर लाकूड आधी करडं झालं, मग बघता बघता काळंठिक्कर. हॉलभर सुस्कारा उमटला. अनुरागांची पाठ तिथल्या तिथे बरी झाली आणि होडी उचलायला वाकेपर्यंत बरी राहिली.

"यह गंध पहचानिए," गुरुजी म्हणाले. "पीड़ा जा रही है."

मागच्या रांगेत बसलेल्या रेवतीला तो वास चांगलाच ओळखीचा होता. गुलाबपाण्याखाली व्हिनेगर दडलं होतं. तिला जहाजांच्या लहान प्रतिकृती करायचा नाद होता, आणि नव्या कोऱ्या लाकडाला समुद्रावर उन्हापावसात मुरल्याचा रंग आणायला ती घरी हेच पाणी बनवायची. चारशे वर्षांच्या त्या देवदाराबद्दलही तिचं वेगळं मत होतं. होडीच्या तळाला पेन्सिलीची रेघ होती आणि लाकूड नखानं दबत होतं. असलं लाकूड ती करोल बागेतून आणायची.

एरवी ती हसून घरी गेली असती. पण गेल्या रविवारी तिच्या सासूबाईंची, मीनाक्षीबाईंची होडी काळी झाली होती. त्यांच्या छातीत गाठ होती. येत्या सोमवारी, म्हणजे उद्याच, सुईनं तुकडा काढून तपासायचा होता. होडी काळी झाली आणि बाईंनी हॉस्पिटलचं नाव टाकलं.

"आई, मी माझ्या जहाजाची डेक अशीच काळी करते," रेवतीनं घरी सांगून पाहिलं होतं.

"तुझ्या जहाजाला काही झालेलं नव्हतं," मीनाक्षीबाई शांतपणे म्हणाल्या. "मला झालं होतं. ते गेलं."

"लोखंडाच्या कढईत आवळा शिजवला की काळा पडतो ना? त्याची कुठली पीडा जाते?"

"आवळ्याला उशाखाली ठेवत नाहीत."

नवरा सुधन्वा केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि "लेट्स वेट अँड सी" असा निर्णय दिला. रेवतीला मात्र भयंकर राग आला होता. गाठ वाट बघत बसत नाही.

म्हणून तिनं आठवडाभरात गुरुजींच्या होडीसारखी हुबेहूब होडी करवतीनं कापून, घासून तयार केली. तिला ते काम अवघड नव्हतं. मग अगदी हलक्या कोऱ्या चहात ब्रश बुडवून तिनं त्या होडीच्या पाठीवर दोन शब्द लिहिले आणि वाळू दिले. नीट निरखलं असतं तर पुसट छटा दिसली असती, पण चमत्कार बघायला आलेल्या हॉलमध्ये निरखायला कोण बसतं?

तिचा नंबर आला.

"क्या कष्ट है, बेटी?"

"घर में कोई बात नहीं सुनता, गुरुजी."

"यह तो घर घर का रोग है." लोक हसले. गुरुजींनी झारी तिरकी केली.

होडी काळी झाली नाही. होती तशीच पिवळी राहिली. गुरुजी श्रद्धा कमी असल्याचं सांगायला तोंड उघडत होते, तेवढ्यात लाकडावर काळ्या रेघा उमटू लागल्या. सोसायटीच्या सेक्रेटरी विजयालक्ष्मी पहिल्याच रांगेत होत्या. त्यांनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं, "तपासून घ्या."

सगळ्या माना होडीकडे वळल्या. गुरुजींनीही वाकून वाचलं. पण तो माणूस काही कच्चा नव्हता.

"देखा!" त्यांनी हात उंचावले. "आज नैया स्वयं बोली! वह भी भक्त की मातृभाषा में!"

सगळ्या हॉलनं हात जोडले. मीनाक्षीबाई उठून उभ्याच राहिल्या. डोळे पाणावले होते. "रेवती, होडी जा म्हणतेय. उद्या जाऊ या गं."

काम झालं होतं. रेवतीनं तोंड मिटून घेतलं असतं तर उद्याची तपासणी झाली असती. तिला तसा मोहही झाला. पण आज होडी जा म्हणते म्हणून जाणारी बाई उद्या होडी नको म्हणाली की परत येणार.

"आई, होडी नाही म्हणाली. मी म्हणाले," ती म्हणाली. "चहानं लिहिलं होतं. चहात तुरटपणा असतो. गुरुजींच्या तीर्थात लोखंड आहे, व्हिनेगरमध्ये मुरवून गाळलेलं. दोन्ही भेटली की काळं होतं. गुरुजींनी वाटलेल्या होड्या आधीच अख्ख्या चहात बुडवून वाळवलेल्या असतात, म्हणून अख्ख्या काळ्या होतात. आजार असो नसो."

"यह अहंकार बोल रहा है," गुरुजी म्हणाले.

"मग माझं ऐकूच नका." तिनं पिशवीतून दुसरी कोरी होडी, ब्रश आणि चहाची बाटली काढून सासूबाईंच्या हातात दिली. "तुम्ही लिहा. काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला दाखवू नका."

मीनाक्षीबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग त्यांनी लिहिलं, पंख्याखाली वाळवलं आणि होडी खाली ठेवली. गुरुजींचा हात अचानक दुखू लागल्यामुळे विजयालक्ष्मींनीच त्यांच्या मांडीवरची झारी उचलली आणि ओतली.

अक्षरं वाकडीतिकडी होती, पण वाचता येत होती. "भीती वाटते."

अनुरागांनी आपली काळी होडी हळूच सतरंजीवर ठेवली. गुरुजी पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून निघाले. झारी घ्यायला ते विसरले नाहीत.

"हे मी लिहिलं," मीनाक्षीबाई पुटपुटल्या. "होडीला काय कळणार होतं माझं!"

"नाहीच कळणार. लाकूड आहे ते," रेवती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "आई, लाकूड कशानं काळं झालं ते आपण तपासलं, म्हणून कळलं. गाठीचंही तसंच आहे. काय निघेल ते मलाही माहीत नाही. पण जे असेल ते तपासल्यावरच कळेल, आणि कळलं तरच औषध करता येईल."

"आणि वाईट निघालं तर?"

रेवतीनं ब्रश आणि चहाची बाटली पिशवीत ठेवली.

"मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "सकाळी लवकर निघू. पुलावर ट्रॅफिक लागतं."

मीनाक्षीबाईंनी तिचा हात धरला आणि उठल्या.