दहा मिनिटांचं वर्तुळ

चार वर्षं नकाशावर वाकून वाकून कंपासताईंची मान अशी आखडली होती, की कुणी हाक मारली तर त्या मान न वळवता अख्ख्याच्या अख्ख्या वळत. नगररचना खात्यात त्यांना सगळे कंपासताईच म्हणत. उद्या, सोमवारी, त्यांचा आराखडा सभेपुढे जाणार होता. तो एकदा मंजूर झाला, की ताई आठ दिवस नुसत्या पडून राहणार होत्या. अगदी फोनसुद्धा घेणार नव्हत्या!

आराखडा तसा साधा. शहरात वीस स्टेशनं. प्रत्येकाभोवती आठशे मीटरचं वर्तुळ आणि त्यात घरं, शाळा, दवाखाना, बाजार, सगळं जवळजवळ. दहा मिनिटांत पायी काम होत असेल तर माणूस गाडीला किल्ली कशाला लावेल? गाड्यांचा धूर एक तृतीयांशाने घटेल, असा ताईंचा हिशोब होता. स्वतः ताई मात्र रोज दीड तास बसमध्ये लोंबकळत कचेरी गाठत.

रविवारी सकाळी चहा पिता पिता बाबांनी चष्मा चढवला आणि सातव्या वर्तुळावर बोट ठेवलं. बाबा निवृत्त पोस्टमन.

"ही वसाहत स्टेशनपासून दहा मिनिटांवर?"

"हो, बाबा."

"उडत का?"

ताईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"अगं, मध्ये बसडेपोची भिंत आहे! अकरा वर्षं पत्रं वाटलीत मी तिथे. तुझ्या कंपासला पंख असतील, मला नव्हते."

नकाशात डेपो म्हणजे नुसता करडा चौकोन. अंगात त्राण नव्हतं, तरी चपला सरकवून त्या बाबांबरोबर निघाल्या.

बस बदलून दोघं वसाहतीत पोचली. तिथून स्टेशनच्या दिशेने चालायला लागली, तर भिंत संपता संपेना. बाबा पुढे, ताई मागे धापा टाकत. भिंतीवरून पलीकडच्या दूध डेअरीची पाटी दिसत होती. तेवढ्यात शेजारून एक बाई स्कूटर सुरू करून निघाली.

"कुठे निघालात?" ताईंनी विचारलं.

"दूध आणायला. अर्धा लिटर."

"ती काय डेअरी, समोर तर आहे."

"भिंतीवरून उडी मारू का, ताई?" बाई हसली आणि धूर सोडून गेली.

स्टेशनाच्या पायरीवर ताईंनी घड्याळ पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं. त्या तिथेच मटकन बसल्या आणि साहेबांना फोन लावला.

"अहो, उद्या सभा आहे!" साहेब कळवळले. "सभेत कोण चालून बघणार आहे?"

"राहायला येणारे बघतील, साहेब. आणि मग स्कूटर घेतील."

"आता सांगितलंत, तर मंजुरी गेलीच म्हणून समजा."

"माहितीये."

"मग तुमचं तुम्हीच उभं राहून सांगा. माझं नाव घेऊ नका."

सोमवारी ताई उभ्या राहिल्या. कालच्या चालण्याने पाय अजून ठणकत होते. सातव्या वर्तुळाच्या जागी त्यांनी पायी चालून गाठता येईल तेवढाच भाग रंगवून आणला होता. कुणीतरी चावा घेतलेल्या बिस्किटासारखा दिसत होता तो. भिंतीत बारा फुटी दरवाजा दिला तरच धूर घटेल, असं त्या म्हणाल्या.

"म्हणजे चार वर्षं तुम्ही खुर्चीतूनच चाललात?" एक सभासद म्हणाले. सगळे हसले. ताईही हसल्या असत्या, पण तेवढीही ताकद उरली नव्हती.

आराखडा तीन महिने पुढे गेला. डेपोकडे दरवाजा मागायचं काम ताईंच्याच गळ्यात पडलं.

घरी येऊन त्यांनी पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडले. बाबा समोर येऊन बसले.

"झालं का मंजूर?"

"नाही. दरवाजा मागितलाय. बारा फूट."

"सायकल जाईल?"

"जाईल." ताईंनी डोळे मिटले. "बाबा, अजून एकोणीस वर्तुळं आहेत हो."

बाबांनी उठून माळ्यावरून जुने बूट काढले, उलटे करून तळ पाहिले आणि म्हणाले, "यांना नवे तळ लावून आणतो. तू आठ दिवस पड. मग निघू."