जुळ्यांची वाटणी

परिचारिका बेल्डिनने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि वर फोन बसवला. सरोवराकाठच्या या दवाखान्यात डॉक्टर क्वचितच फिरकत. पण गावात नवा टॉवर आल्यापासून रक्ताचे फोटो क्षणात किसुमू शहरातल्या इस्पितळात पोचत, आणि तिथलं यंत्र चहा ओतून होईतो निदान पाठवी. आजही पाठवलं. आडोंगोच्या रक्तात मलेरियाचे जंतू अजून होतेच.

गोळ्यांचं पाकीट संपूनही! पोर तापाने मलूल होऊन आईच्या एका मांडीवर पडली होती. दुसऱ्या मांडीवर तिची जुळी बहीण अपियो मजेत कणीस कुरतडत होती.

किसुमूचे डॉक्टर फोनवर आले. "औषध लागू पडत नाहीये, बेल्डिन. पोरीला इकडे पाठवा."

"मग अपियोलाही न्यावं लागेल," आई लगेच म्हणाली. "एकटी कशी जाईल ही?"

बेल्डिनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, गोळ्या कशा दिल्यास तू?"

"कशा म्हणजे? अर्धी हिला, अर्धी तिला. जुळ्यांत दुजाभाव करतात का कधी? तू काय परक्या मुलखातली आहेस?"

बेल्डिन ओशाळली. तिच्याच भावाच्या जुळ्यांना शर्टसुद्धा जोडीने येत, आणि तिने इथे एकच पाकीट हातावर ठेवलं होतं. यंत्राला रक्त दिसत होतं, दुसरी मांडी दिसत नव्हती. बेल्डिनच्या तर ती डोळ्यांसमोर होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं. "उलट्या, झटके नाहीत ना? मग तिथेच पूर्ण औषध द्या. रोज फोटो पाठवा."

"आणि अपियोला?" आईने तिला जवळ ओढलं. "मीही जुळी होते गं. आईनं औषध मला एकटीलाच पाजलं. बहीण गेली, मी राहिले."

बेल्डिनने समजावत बसण्याऐवजी सुई उचलली. तिने अपियोच्या बोटातूनही थेंबभर रक्त घेऊन फोटो पाठवला. जंतू नव्हते. मग तिने दोन पाकिटं काढली. "हे आडोंगोचं, तापाचं. हे अपियोचं, ताकदीचं. गोळ्या तितक्याच, वेळही तीच. पण अदलाबदल करायची नाही, आणि अर्धी कुणालाच नाही."

आईने दोन्हींतल्या गोळ्या मोजून पाहिल्या, मगच पाकिटं घेतली.

पाकिटं संपली तेव्हा दोघी पोरी दवाखान्याच्या अंगणात एकमेकींना ढकलत होत्या. बेल्डिनने दोघींच्याही रक्ताचे फोटो पाठवले. उत्तर आलं, तशी आई पुढे वाकली. ताप उतरला का, हे तिने विचारलंच नाही.

"दोघींचं सारखंच आलं ना?"

"अगदी सारखं," बेल्डिन म्हणाली, आणि फोन तिच्यापुढे धरला. जंतू दोघींतही नव्हते.