उन्हं आली, गादी उचला

मी गादी बोलतेय. कापसाची, निळ्या पट्ट्यांच्या खोळीतली, नारायण पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरातली. गादी म्हणजे मऊ, तेव्हा ही मऊच बोलणार, असं समजून कोणी वाचायला बसलं असेल तर त्यानं खुशाल उठावं.

माझा कापूस यवतमाळकडचा. प्रेमलाच्या माहेराहून पोत्यात भरून, एसटीच्या टपावर बसून तो पुण्याला आला. पिंजाऱ्यानं गच्चीत पिंजून मला भरलं, दाभणानं टाके घातले आणि जाताना बजावलं, "वहिनी, हिला अधूनमधून ऊन दाखवा. दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या. दाबून दाबून कापसाच्या गाठी होतात, मग गादीची फरशी होते." प्रेमलानं मान डोलावली. तिच्या नवऱ्यानं, ज्ञानदेवनं, एकच प्रश्न विचारला, "वळकटी घट्ट होईल ना हिची?"

त्यावरून माणूस ओळखा. त्याला अहो-जाहो करायची माझी तयारी नाही.

ज्ञानदेव पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होता. घरात कायदा त्याचाच. उन्हं आली, गादी उचला. "सूर्य वर आणि माणूस आडवा, हे दळभद्री लक्षण," असं म्हणत तो मला गुडघ्यानं दाबायचा, सुतळीनं करकचून बांधायचा आणि कपाटावर फेकायचा. मुलीला, नम्रताला, गोवर आला तेव्हासुद्धा त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि मला बांधलं. पोर ताठ बसून तापात बडबडत होती. हा शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत होता, आमच्याकडे लोळायची सवय नाही कोणाला.

मग देशाची दारं उघडली म्हणे. त्या दारातून कारखान्यात नवी मशिनं आली आणि जुनी माणसं बाहेर पडली. त्याला व्हीआरएस असं सुटसुटीत नाव होतं. ज्ञानदेव घरी बसला. बसला म्हणजे खरंच बसला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून सकाळपासून खुर्चीत. कुठं जायचं नाही, पण तयार. त्याची पाठ दुखते हे मला माहीत आहे, रात्रभर तो माझ्यावरच कण्हतो. पण दिवसा टेकायचा नाही, आणि दुसऱ्यालाही टेकू द्यायचा नाही.

घर चालवायला नम्रतानं बी.कॉम.चं दुसरं वर्ष सोडलं आणि कॉल सेंटर धरलं. रात्रभर अमेरिकेतल्या लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि त्यांना प्रेमानं "आय अंडरस्टँड, सर" म्हणायचं. सकाळी कंपनीची सुमो तिला ओंकारेश्वरापाशी सोडायची. ती घरात शिरायची तेव्हा मी नुकतीच कपाटावर गेलेली असायचे.

"बाबा, जरा पडते."

"पड की. रात्री."

"रात्री मी कामाला असते."

"बसूनच असतेस ना? एसीत? आम्ही आख्खी पाळी उभं राहून काढायचो आणि येताना मंडईतून भाजी आणायचो."

"खरंय," म्हणायची ती.

काय खरंय? इथं मला बापापेक्षा तिचाच जास्त राग यायचा. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची, डोळ्यांखाली बाम चोळायची आणि आरशाला म्हणायची, "आळशी कुठली. सगळ्यांना जमतं, तुलाच काय धाड भरलीय?" परक्या गिऱ्हाइकाशी एवढी गोड बोलणारी पोर, स्वतःशी मुकादमासारखी. कपाटाला पाठ लावून बसल्या बसल्या डुलकी लागली आणि कोणी आलं, की दचकून म्हणायची, "झोपले नव्हते." भाडं भरायचं हिनं आणि झोपायचं चोरासारखं.

एकदा अशीच आली आणि म्हणाली, "आई, सरक, पोळ्या मी करते." आपण आळशी नाही हे दाखवायला. ओट्यापाशी उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. तोल सांभाळायला हात पुढं गेला तो तव्यावर. उजवा तळहात, सगळाच्या सगळा.

प्रेमला तिला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे धावली. त्यांनी पट्टी बांधली आणि विचारलं, झोपतेस कधी? ही म्हणाली, सुट्टीला. डॉक्टर म्हणाले, "हाताला मलम देतो. बाकीच्याला झोप. ती मी लिहून देत नाही, घरी मिळते." हे सगळं प्रेमलानं घरी येऊन मोठ्यानं सांगितलं, म्हणून मला कळलं.

घरात तेव्हा मच्छिंद्र बसला होता, ज्ञानदेवचा कारखान्यातला जुना सोबती, खडकवासल्याकडचा. ज्ञानदेवनं पट्टीकडे पाहिलं. "लक्ष कुठं होतं?"

नम्रतानं तोंड उघडलं. आता ही "चुकलं" म्हणणार, हे मला कपाटावरून दिसत होतं. पण डाव्या हातानं तिनं मला खाली ओढलं आणि सुतळीशी झटापट करायला लागली.

"नमे, लोक बसलेत."

"बसू द्या."

"अगं, दिवस आहे. मच्छिंद्र काय म्हणेल?"

"काका, काय म्हणताय?"

"म्या काय म्हननार? च्या बरा हाय," मच्छिंद्र म्हणाला. मग कप खाली ठेवला. "ज्ञानदेवा, पोरीचा हात बांधलाय. गाठ तू मारलीस, तूच सोड."

ज्ञानदेव हलला नाही. आतून प्रेमला आली, हातात कात्री. तिनं सुतळी कापली.

"अहो, पाय वर घ्या."

आणि मला थेट त्याच्या खुर्चीपर्यंत उलगडलं. नवऱ्याला असं सांगताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं पाय वर घेतले.

नम्रता आडवी झाली. मी काही मऊ नव्हते. मला कोणी कधी पिंजून घेतलं नव्हतं, नुसत्या गाठी. तिनं त्या गाठींमध्ये हळूहळू स्वतःपुरती जागा केली, दुखरा हात पोटावर ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "झोप गं बाई, झोप." मला वाटलं आईला म्हणतेय. स्वतःलाच म्हणत होती.

ज्ञानदेव पाय वर घेऊन किती वेळ बसला ते मला माहीत नाही. मी कामात होते.

आता मी दिवसाही अंथरलेली असते. खोळ विरलीय, एक कोपरा फाटलाय. आलेली माणसं मला वळसा घालून बसतात. ज्ञानदेव अजून कुरकुरतो. त्यानं मुलीची माफी मागितलेली नाही आणि मीही त्याला माफ केलेलं नाही. तिच्या तळहातावर डाग राहिलाय, तो जायचा नाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. घरात कोणी दिवसा झोपलं असेल तर भांडी आपटू नका, आपल्या तरुणपणीच्या कहाण्या सांगू नका. आणि दमलेले तुम्हीच असाल तर कारणं देत बसू नका. हात भाजेपर्यंत थांबू तर मुळीच नका.

दारात चपला काढल्याचा आवाज आला. ती आली. आता मी गप्प बसते, दमून आलेल्या माणसाला काही ऐकवायचं नसतं.